समदर्शी शुभवर्तमानांचा प्रश्न

बायबलच्या नव्या करारातील मत्तय, मार्क व लूक या शुभवर्तमानांपैकी (येशूचे चरित्र व शिकवण सांगणाऱ्या ग्रंथांपैकी) कोणते आधीचे आणि कोणी कोणाचा आधार घेतला, यासंबंधीचा वाद. जर्मन पंडित ग्रीसबाख याने १७७६ मध्ये तिन्हींच्या ग्रीक संहिता शेजारी-शेजारी रकान्यांत मांडून प्रसिद्ध केल्या; एका दृष्टिक्षेपात पाहता येणारी म्हणून ती ‘समदर्शी’. योहान या चौथ्या शुभवर्तमानाची घडण वेगळी असल्याने तो या प्रश्नात येत नाही.

साम्य केवळ प्रसंगांचे नाही, शब्दांचे आहे. पक्षाघाती माणसाच्या कथेत येशूचे वाक्य अर्ध्यावर थांबते, ‘तो त्या पक्षाघाती माणसाला म्हणाला’ असे निवेदकाचे शब्द मध्ये येतात आणि मग आज्ञा येते. हा खंड तिन्ही ग्रंथांत नेमका त्याच जागी आहे. येशूची बोली अरामी होती असे सामान्यतः मानतात. ग्रीकमधील असे साम्य केवळ मौखिक परंपरेने उलगडत नाही.

प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनच्या मते मत्तय आद्य व मार्क त्याचा संक्षेपकार; ग्रीसबाखने मार्कला शेवटी ठेवले. एकोणिसाव्या शतकापासून मार्कच्या आद्यत्वाकडे कल झुकला आणि तो सयुक्तिक वाटतो. नासरेथात येशूला कोणतेही महत्कृत्य ‘करता आले नाही’ असे मार्क म्हणतो (थोडे रोगी बरे केले, एवढा अपवाद नोंदवून). मत्तयात ‘त्याने फारशी केली नाहीत’ असे आहे. अवघड विधान पुढच्याने सौम्य केले, हे समजते. उलट क्रम पटवणे कठीण.

मार्कमध्ये नसलेली, पण मत्तय व लूक यांत समान असलेली सुमारे २३० वचने उरतात. त्यांच्यासाठी जर्मन पंडित वाइसने १८३८ मध्ये एक लुप्त वचनसंग्रह गृहीत धरला. त्यालाच पुढे ‘स्रोत’ या अर्थाच्या जर्मन शब्दावरून ‘क्यू’ म्हणू लागले. त्याचे एकही हस्तलिखित उपलब्ध नाही. इंग्रज अभ्यासक ऑस्टिन फॅरर याने १९५५ मध्ये लूकने मत्तय वाचला होता असे मांडून क्यूची गरजच नाकारली. येशूला मारहाण होते तेव्हाचा ‘तुला कोणी मारले?’ हा प्रश्न मत्तय व लूक या दोघांत शब्दशः सारखा आहे, मार्कमध्ये नाही. लूकसमोर मत्तय होता याचा हा पुरावा फॅररपक्षाला वजनदार वाटतो. बहुसंख्य अभ्यासक आजही क्यू मानतात. तरी मार्कचे आद्यत्व जितके दृढ, तितके क्यूचे अस्तित्व नव्हे.

मार्कचा काळ साधारणपणे इ. स. ६५ ते ७५ असा धरतात. यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस इ. स. ७० मध्ये झाला; मार्कच्या तेराव्या अध्यायातील त्याचे भाकीत त्याआधीचे की नंतरचे, यावर हा काळ अवलंबून आहे. इजिप्तमधील नाग हम्मादी येथे १९४५ मध्ये सापडलेल्या कॉप्टिक (जुन्या इजिप्शियन भाषेतील) ‘थोमाच्या शुभवर्तमाना’त ११४ वचने आहेत, कथानक नाही. अशा वचनसंग्रहाचा प्रकार प्रचारात होता एवढे त्यावरून दिसते. तो संग्रह समदर्शींहून जुना की त्यांवर आधारलेला, यावर मतभेद आहेत.