ड्रायव्हर, नवशिक्यांचा (गोल्फ)

टीवर (जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर) ठेवलेला चेंडू लांब पल्ल्यावर धाडण्यासाठी वापरला जाणारा, संचातील सर्वांत लांब क्लब (गोल्फची काठी). फटका फेसच्या (क्लबच्या डोक्याच्या, चेंडूला भिडणाऱ्या बाजूच्या) मध्यावर बसला नाही तरी चेंडू फारसा भरकटू न देणाऱ्या ड्रायव्हरला खेळाडू ‘फरगिव्हिंग’ म्हणतात.

उगम : टेलरमेड कंपनीच्या ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ या पोलादी डोक्याच्या क्लबपासून (१९७९) हा फरगिव्हिंग प्रकार सुरू झाला, असे सर्रास सांगितले जाते. मात्र ॲल्युमिनियमच्या डोक्याचे क्लब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये बनत होतेच. तेव्हा नुसता धातू हा निकष तोकडा पडतो. क्लब बनवणारे कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९ च्या सुमारास पटरचे (चेंडू खळग्यात ढकलण्याच्या क्लबचे) वजन मध्यातून काढून दोन्ही टोकांकडे नेले. फरगिव्हिंग ड्रायव्हरचे मूळ तेथे शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. कॅलवे कंपनीच्या ‘बिग बर्था’ ड्रायव्हरनंतर (१९९१) डोकी फुगत गेली, टायटॅनियमने त्या वाढीला बळ दिले आणि अखेर नियमांनी घनफळ ४६० घ. सेंमी.वर रोखले.

तत्त्व : चेंडू टोकाकडे लागला की डोके हातात पिळवटते. या पिळाला होणारा विरोध म्हणजे निरूढी परिबल. दुकानदारांच्या बोलीत एमओआय. वजन कडेला व मागे सरकवले की ते वाढते. उभ्या अक्षाभोवती त्याची मर्यादा ५,९०० ग्रॅम-चौ. सेंमी. असून मोजणीतील फरकासाठी वर १०० ची सूट आहे. २०२४ पासून जाहिरातींत झळकणारा ‘१० के’ हा आकडा उभ्या व आडव्या अशा दोन अक्षांची बेरीज असतो. त्यामुळे नियमभंग होत नाही, गिऱ्हाइकाचा गोंधळ मात्र होतो. शिवाय हा गुण मध्य चुकलेल्या फटक्यापुरताच. स्विंगच्या दिशेशी फेस उघडा (उजव्या हाताच्या खेळाडूसाठी उजवीकडे वळलेला) राहिल्याने होणारा स्लाइस, म्हणजे चेंडूचे उजवीकडे वळत जाणे, त्याने सुटत नाही. त्यासाठी हीलकडे (डोक्याच्या दांड्याजवळच्या टोकाकडे) वजन असलेला, चेंडू डावीकडे वळवू पाहणारा ‘ड्रॉ’ प्रकार थोडाफार उपयोगी पडतो.

निवड : लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन; तो जास्त तितका चेंडू उंच जातो) १०.५ ते १२ अंश, शाफ्ट (दांडा) बहुधा रेग्युलर किंवा त्याहून लवचिक. नियमाने लांबी ४८ इंचांपर्यंत चालते, पण ४५ इंचांच्या आतला क्लब मध्यावर बसवणे सोपे जाते. एमओआयच्या आकड्यापेक्षा लॉफ्ट आणि लांबी आधी पाहावी.

नागपुरात : उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. काळी माती तडकून टणक होते, चेंडू पडल्यावरही बराच धावतो आणि कमी लॉफ्ट खपून जातो. पावसाळ्यात तीच माती चिकट होऊन चेंडू पडला तेथेच रुततो; मग हवेतून कापलेले अंतरच हाती लागते. म्हणून मे महिन्यातल्या धावेवर भुलून ९ अंशांचा ड्रायव्हर घेणारा जुलैत अडचणीत येतो. सीताबर्डीच्या क्रीडासाहित्याच्या बाजारावर क्रिकेटचाच पगडा असल्याने जुना क्लब दुसऱ्या खेळाडूकडून घेण्याचा मार्ग सोयीचा. घेताना डोके कानाशी हलवून पाहावे. खुळखुळ आली तर आत काहीतरी सुटलेले असते. क्राउन (डोक्याचा वरचा भाग) आणि फेसच्या सांध्यावर नख फिरवून तडा तपासावा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ड्रायव्हर ठेवू नये, कारण शाफ्ट डोक्यात धरून ठेवणारा इपॉक्सी (चिकटद्रव्य) तापून सैल पडतो आणि ग्रिपखालची चिकटपट्टीही सरकते.