चार जनुकांचा निरोप पोचवायचा कुणी?

खरचटलेल्या जागी पुन्हा त्वचाच येते, कारण त्वचेची पेशी आपलं काम विसरत नाही. ते विसरायला लावता येतं, हे २००६ साली क्योतो विद्यापीठातल्या शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या पेशींवर दाखवलं. फक्त चार जनुकं आत सोडली आणि मुरलेली पेशी पुन्हा मूलपेशी झाली. तिच्यातून पुढे हृदयाची, मेंदूची, कुठलीही पेशी घडवता येते. २०१२ साली यामानाकांना नोबेल मिळालं.

अडचण होती ती जनुकं आत नेणाऱ्याची. हे काम विषाणूंवर सोपवलं होतं, आणि ते निरोप देऊन परत फिरत नाहीत, पेशीच्या डीएनएतच ठाण मांडतात. अशा मूलपेशींचा अंश असलेल्या उंदरांच्या पिल्लांपैकी साधारण पाचांतल्या एकाला पुढे कर्करोगाच्या गाठी झाल्या, कारण चारांतलं सी-मिक हे जनुक पुन्हा जागं झालं. शिवाय हजारात जेमतेम एखादी पेशी बदलायची.

इथे नॅनोकण कामाला येतात. डीएनए ऋणभारित, पेशीचं आवरणही ऋणभारित, त्यामुळे दोघांचं जमत नाही. म्हणून डीएनएला धनभारित पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंमध्ये, गुंडाळून शंभर-दोनशे नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पुरचुंडी करतात. पेशी ती गिळते आणि एका पिशवीत कोंडते. पिशवी आंबट होत जाते, तिथे डीएनएचा चुराडा व्हायचा. पण पॉलिमर ते आम्ल शोषत राहतो, पाणी आत ओढलं जातं, पिशवी फुगून फुटते आणि माल मोकळा होतो, अशी त्यामागची कल्पना आहे. डीएनएऐवजी आरएनए, म्हणजे जनुकाची तात्पुरती नक्कल, भरला तर तो काम करून विरघळून जातो, मागे काही उरत नाही. किती टक्के पेशी बदलल्या यापेक्षा मला हे मागे काही न उरणंच मोलाचं वाटतं. ज्या पेशी माणसाच्या डोळ्यात किंवा हृदयात ठेवायच्या, त्यांच्यात गाठीचं बी राहून कसं चालेल?

याहून चकित करणारा प्रयोग २०१३ साली अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सॉन्ग ली यांच्या गटाने केला. त्यांनी तीच चार जनुकं दिलेल्या पेशी बारीक खाचा पाडलेल्या पृष्ठभागावर आणि एकाच दिशेने मांडलेल्या नॅनोतंतूंवर वाढवल्या. पेशी खाचेच्या दिशेने लांबट झाल्या, त्यांचं केंद्रकही ताणलं गेलं, डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवरच्या रासायनिक खुणा बदलल्या आणि जास्त पेशी मूलपेशी बनल्या. यासाठी एरवी वापरली जाणारी काही रसायनं वगळली, तरी नुसत्या खाचांनी त्यांचं काम भागवलं.