टॅटिंगची नवी नक्षी करून बघताना सरावाचा दोरा कसा निवडावा

टॅटिंग म्हणजे शटल या दोरा गुंडाळलेल्या छोट्या साधनाने गाठी मारून केलेली लेस. तिची नवी नक्षी करून बघायची म्हटले की घरात पडलेला उरलासुरला दोरा शटलवर भरला जातो. मग रिंग (गाठींची ओढून बंद करायची कडी) बंद होईना की हाताला दोष दिला जातो. पुष्कळदा चूक दोऱ्याची असते. टॅटिंगची प्रत्येक गाठ आतल्या दोऱ्यावरून सरकली पाहिजे, तरच रिंग ओढून बंद होते. म्हणून सरावाचा दोरा साधा असला तरी चालेल, पण तो गुळगुळीत, घट्ट पिळाचा आणि चार वेळा उसवले तरी न पिसणारा हवा.

मर्सराइज्ड (चकाकी आणि मजबुतीची प्रक्रिया केलेला) सुती क्रोशाचा दोरा या कामाला सर्वांत चांगला. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक: 10 जाड, 20 मध्यम, 40 बारीक आणि 80 अगदी नाजूक. नक्षी पहिल्यांदा करताना 10 किंवा 20 नंबर घ्यावा. गाठी डोळ्यांनी मोजता येतात आणि चुकलेली गाठ टाचणीने सोडवता येते.

भरतकामाची सहा पदरी लड सरावाला घेऊ नये. तिचे पदर सुटे असतात, आधीच्या भागाशी जोड घेताना शटलचे टोक किंवा सुई त्यांच्या मधून जाते आणि पिको (दोन गाठींमध्ये सोडलेला दोऱ्याचा फास) विस्कटतो. लोकरीचे केस एकमेकांत अडकतात, त्यामुळे गाठ सरकत नाही. शिवणाचा पॉलिएस्टर दोरा इतका बारीक असतो की नवख्याला त्यात गाठ दिसतच नाही. 8 नंबरचा पर्ल कॉटन हा भरतकामाचा चकचकीत दोरा देखणा असतो, पण पीळ सैल असल्याने उसवताना लवकर फुगतो.

रंगाकडे जरूर लक्ष द्यावे. काळ्या, गडद निळ्या दोऱ्यात गाठींची सावली दिसत नाही. एकाच गुंडीत (दोऱ्याच्या गोळ्यात) छटा बदलणाऱ्या दोऱ्यात गाठींची मोजणी हरवते. फिकट, एकरंगी दोरा घ्यावा आणि मांडीवर गडद कापड पसरावे.

नक्षीत रिंग आणि चेन (रिंगांना जोडणारी गाठींची कमान) दोन्ही असतील तर शटलवर एक रंग आणि गुंडीला दुसरा रंग ठेवावा, हा आमचा आग्रह आहे. रिंगा शटलच्या रंगात येतात, चेन गुंडीच्या रंगात, त्यामुळे दोऱ्याची वाट स्पष्ट दिसते. त्याहून मोठा फायदा असा की न पलटलेली गाठ लगेच पकडली जाते. डाव्या हातावरच्या दोऱ्याने शटलच्या दोऱ्याला वेढा घातला पाहिजे. गाठ पलटली नाही तर उलटे होते, शटलचा दोराच वेढा घालतो आणि गाठ जागीच आवळते. चेनमध्ये गुंडीच्या रंगावर शटलच्या रंगाचा ठिपका दिसला, की तीच गाठ चुकली समजा. रिंगमध्ये सगळा दोरा एकाच रंगाचा असल्याने ही खूण मिळत नाही. तिथे दर दुहेरी गाठीनंतर (दोन अर्ध्या गाठींची एक पूर्ण गाठ) शटलचा दोरा थोडा ओढून तो सरकतो ना, ते बघावे.

बंद झालेली रिंग उघडायची असेल तर पिको दोन्ही बाजूंनी हलकेच ताणावा. त्याच्या पायथ्याशी दोन गाठी फाकतात आणि आतला दोरा दिसतो. तो टाचणीने उचलून थोडा थोडा बाहेर ओढला की रिंग सैल होते. पिको नसलेली रिंग उघडणे फार जिकिरीचे असते. तिथे दोरा कापणे बरे. उसवलेला दोरा कुरळा होतो आणि त्याने ताण कमीजास्त होतो. असा दोरा गाठीच्या सरावाला ठेवावा, मापाला वापरू नये.

मापाची चाचणी मात्र ज्या दोऱ्यात काम पुरे करायचे त्याच दोऱ्यात करावी. 10 नंबरमध्ये शोभणारा 5 मिलिमीटरचा पिको 80 नंबरमध्ये लोंबतो. दोरा बदलला की पिको मापायची पट्टीही बदलावी. गोल नक्षी वाटीसारखी वर उचलली जात असेल तर बाहेरची फेरी आखूड पडते आहे, तेव्हा चेनमध्ये गाठी वाढवाव्यात. कडेला झालर पडत असेल तर चेनमधल्या गाठी कमी कराव्यात. हे दोष वर्तुळ पूर्ण झाल्यावरच दिसतात, म्हणून पाव नक्षी करून थांबू नये. किनारीसाठी दोन-तीन आवर्तने (नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा भाग) आणि एक कोपरा पुरे.

दोरा किती लागेल तेही याच वेळी काढावे. शटलच्या दोऱ्यावर कामापासून 1 मीटरवर खूण करून एक आवर्तन विणावे. समजा खुणेपर्यंत 38 सेंमी उरले, म्हणजे 62 सेंमी लागले. 12 आवर्तनांना 7.44 मीटर, वर जोडासाठी आणि शेवटांसाठी मीटरभर जास्त. गुंडीचा दोरा असाच वेगळा मोजावा, कारण चेनमध्ये तो शटलच्या दोऱ्यापेक्षा कितीतरी जास्त जातो.

शटल भरताना दोरा कडेबाहेर येऊ देऊ नये. टोके फाकतात आणि दोरा आपोआप सुटू लागतो. काम करताना दोरा पिळवटतो, म्हणून चार-पाच रिंगांनंतर शटल खाली लोंबकळत सोडावे. ते स्वतःभोवती फिरून थांबले की पुढे विणावे.