‘बिफोर’ला तीन शिक्के का? इंग्रजी शब्दजातींची पार्श्वभूमी

इंग्रजी शब्दांचे अर्थ ताडून पाहताना आपण कोशातला शब्दजातीचा शिक्का आधी बघतो. पण ही विभागणी मुळात इंग्रजीसाठी झालेलीच नव्हती. ग्रीक व्याकरणातल्या आठ जाती लॅटिनने उचलल्या. लॅटिनला आर्टिकल (इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारखे शब्द) नव्हते, म्हणून त्या रिकाम्या जागी केवलप्रयोगी अव्यय आले आणि आठाचा आकडा टिकला. इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण १५८६चे, तेही याच साच्यातले.

लॅटिनमध्ये शब्दाचा शेवट पाहून बरेचदा जात कळे. जुन्या इंग्रजीतही प्रेम म्हणजे ‘लुवू’ आणि प्रेम करणे म्हणजे ‘लुवियन’ असा फरक होता. पुढे प्रत्यय झिजले आणि दोन्हींना मिळून ‘लव्ह’ उरले. जात ओळखायला वाक्यातली जागाच पाहावी लागू लागली. १७५५च्या लंडनच्या गाजलेल्या कोशाने अशा शब्दांच्या नाम आणि क्रियापद म्हणून वेगळ्या नोंदी केल्या. १७६२मध्ये निघालेल्या आणि पुढे फार चाललेल्या व्याकरणात जाती नऊ झाल्या: आर्टिकल आत आले, विशेषण नामापासून सुटले, धातुसाधिताचे स्वतंत्र स्थान गेले.

खरा वाद मात्र अव्ययांचा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. ही तीन वाक्ये पाहा: ‘ही लेफ्ट बिफोर लंच’, ‘ही लेफ्ट बिफोर आय केम’, ‘आय हॅड मेट हिम बिफोर’. पारंपरिक कोश पहिल्या ‘बिफोर’ला प्रिपोझिशन म्हणतो, दुसऱ्याला कंजंक्शन, तिसऱ्याला अ‍ॅडव्हर्ब. अर्थ तिन्हीकडे ‘आधी’ हाच. बदलते ते फक्त पुढे काय येते ते: एकदा नाम, एकदा अख्खे वाक्य, एकदा काहीच नाही. हाच न्याय क्रियापदांना लावून बघा. ‘आय नो हिम’, ‘आय नो ही लेफ्ट’, ‘आय नो’ या तिन्हींतले ‘नो’ (know, म्हणजे माहीत असणे, ओळखणे) क्रियापदच राहते. पुढचा मजकूर बदलला म्हणून कुणी त्याची जात बदलत नाही. मग अव्ययांनाच वेगळा कायदा का?

हा प्रश्न स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासकाने १८व्या शतकाच्या अखेरीसच उपस्थित केला होता. १९२४मध्ये एका डॅनिश भाषापंडिताने क्रियापदांशी तुलना करून तो नेटाने मांडला. तरी १९८५च्या जाडजूड संदर्भ-व्याकरणाने जुनी विभागणी कायम ठेवली. २००२मध्ये आलेल्या तितक्याच मोठ्या व्याकरणाने मात्र तिन्ही ‘बिफोर’ प्रिपोझिशनमध्ये घातले. मला हा निर्णय योग्य वाटतो. एका अर्थाच्या शब्दाला तीन जाती दिल्या, की विद्यार्थी तीन अर्थ शोधत बसतो. उलट ‘फास्ट’चा ‘उपास करणे’ हा अर्थ ‘जलद’पासून खरोखरच दूर आहे, तिथे वेगळी नोंद करण्याला अर्थ आहे. विरोधकांचे म्हणणेही सांगायला हवे: कंजंक्शन हा शिक्का पुढे वाक्य येणार हे आधीच सांगतो, आणि नवशिक्याला तेवढी सूचना उपयोगी पडते.

‘माय’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांचे तसे लवकर मार्गी लागले. कधी विशेषण, कधी सर्वनाम म्हणवले जाणारे हे शब्द २०व्या शतकात डिटर्मिनर (नामाआधी येऊन ते कोणते वा किती हे सांगणारे शब्द) या नव्या वर्गात गेले आणि आजचे बरेच कोश तो शिक्का वापरतात. ‘बिफोर’ची नोंद बहुतेक कोशांत अजून तीन तुकड्यांतच आहे.

मराठीतही हा गुंता आलाच. संस्कृत परंपरा नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (इतर अव्यये) असे चार गट मानत आली. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या आठ जाती १९व्या शतकात इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रुळल्या. त्यामुळे ‘जेवणानंतर ये’ यातले ‘नंतर’ शब्दयोगी ठरते आणि ‘नंतर ये’ यातले क्रियाविशेषण. आपल्याकडे निदान पहिले जोडून लिहितात, दुसरे सुटे. इंग्रजीत ‘बिफोर’ तिन्ही ठिकाणी सुटाच लिहिला जातो.