‘शाहू महाराज’ हे शीर्षक कोणाचे? : पार्श्वभूमी

छापील कोशांना हा प्रश्न फारसा पडत नसे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झालेल्या मराठी चरित्रकोशात एका नावाच्या व्यक्ती क्रमांक घालून एकीखाली एक दिल्या जात. दुष्यंतपुत्र भरत आणि दशरथपुत्र भरत लागोपाठ येत, आणि आधी आलेला श्रेष्ठ असा अर्थ कोणी काढत नसे. एकच शीर्षक हवे तितक्या वेळा छापण्याची मुभा कागदावर होती.

ही मुभा विकिपीडिया या आंतरजालावरील मुक्त विश्वकोशात संपली. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी सुरू झाली आणि मूळ रचनेचा नियम तिलाही लागू झाला: एका शीर्षकाचे पान एकच असते. त्यामुळे कंसातील गावाशिवाय, बिरुदाशिवाय किंवा क्रमांकाशिवाय असलेले मोकळे नाव एका व्यक्तीला द्यायचे की ते सर्व नामधारकांची यादी देणाऱ्या निःसंदिग्धीकरण पानाकडे वळवायचे, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. त्यासाठी दोन कसोट्या वापरल्या जातात. हे नाव शोधणाऱ्या बहुसंख्य वाचकांना कोण अभिप्रेत असते ही पहिली, आणि दीर्घकालीन महत्त्व कोणाचे अधिक ही दुसरी. ‘संभाजी महाराज’ या नावाबाबत दोन्हींचे उत्तर एकच येते. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू आणि कोल्हापूरच्या गादीवरील संभाजी हेही त्या नावाचे असले, तरी १६८९ मध्ये मारले गेलेले छत्रपतीच मुख्य नोंदीचे धनी ठरतात.

‘शाहू महाराज’ या नावापाशी मात्र दोन्ही कसोट्या अडखळतात. साताऱ्याचे शाहू (१६८२–१७४९) मोगलांच्या कैदेत वाढले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये त्यांची सुटका झाली आणि १७०८ मध्ये त्यांना राज्याभिषेक झाला. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद त्यांनीच दिले, चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा त्यांच्याच काळात मिळाल्या आणि मराठी सत्ता नर्मदेपलीकडे पसरली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. कोल्हापूरचे शाहू (१८७४–१९२२) हे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. १८८४ मध्ये ते दत्तक आले आणि १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, आणि राजघराण्यातील विधी वैदिक मंत्रांनी करण्यावरून उठलेल्या वादानंतर, म्हणजे वेदोक्त प्रकरणानंतर, ते ब्राह्मणेतर चळवळीचे आधारस्तंभ झाले. एकाच्या पदरी एका विस्तारणाऱ्या सत्तेचे चार दशकांचे छत्रपतिपद आहे, तर दुसऱ्याच्या पदरी असा सामाजिक निर्णय, ज्याचे पडसाद आजच्या राजकारणातही उमटतात. यांत दीर्घकालीन महत्त्व कोणाचे अधिक, याला तटस्थ उत्तर नाही.

वाचकसंख्येची कसोटी वरवर निर्विवाद वाटते. एखादे पान किती वेळा उघडले गेले याचे आकडे २०१५ पासून, भ्रमणध्वनीवरील वाचकांसह, कोणालाही पाहता येतात, आणि तेव्हापासून चर्चेत त्यांचेच वजन वाढले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वजन नको इतके वाढले आहे. कोल्हापूरच्या शाहूंची जयंती, २६ जून, हा राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो, त्यामुळे शाळांतील भाषणे आणि निबंध यांसाठी त्यांचे पान शोधले जाणे स्वाभाविक आहे. साताऱ्याच्या शाहूंना दिनदर्शिकेत असे स्थान नाही. शिवाय मोकळे नाव एकदा एका व्यक्तीला दिले की चुकून आलेले वाचकही तिच्याच खात्यावर जमा होतात आणि निर्णय स्वतःचाच पुरावा तयार करू लागतो. याहून प्रामाणिक रीत म्हणजे काही काळ मोकळे नाव यादीच्या पानाकडे ठेवून तेथून वाचक कोणत्या दुव्यावर जातात हे मोजणे. पण ती वेळखाऊ असल्याने क्वचितच वापरली जाते.

क्रमांक घालूनही गुंता सुटत नाही. साताऱ्याच्या गादीवर १७७७ ते १८०८ या काळात आणखी एक शाहू होऊन गेले आणि ‘दुसरे शाहू’ म्हणून तेच ओळखले जातात. परंतु कोल्हापूरची गादी वेगळी धरली की क्रम नव्याने सुरू होतो. गावाच्या नावाने तरी भेद स्पष्ट होईल असे वाटते, पण शाहूपुरी साताऱ्यातही आहे आणि कोल्हापुरातही. ‘राजर्षी’ या बिरुदाने भेद होतो हे खरे. ते १९१९ मध्ये कानपूर येथील कुर्मी क्षत्रिय परिषदेत दिले गेले, आणि महाराष्ट्रात आज ते कोल्हापूरच्या शाहूंशी अभिन्न झाले आहे. उत्तर भारतात मात्र त्यांनाच ‘छत्रपती शाहूजी महाराज’ म्हणतात आणि कानपूरच्या विद्यापीठाला हेच नाव आहे, त्यामुळे हिंदीतून मराठीत आणलेल्या मजकुरात ‘छत्रपती शाहू’ हे दुवे सरसकट साताऱ्याच्या पानाकडे जाण्याचा धोका राहतो. असे दुवे एकेक उघडून तपासावे लागतात, कारण यंत्राला हा फरक संदर्भ वाचल्याशिवाय कळत नाही.

२०२४ मध्ये कोल्हापूरचे विद्यमान शाहू छत्रपती लोकसभेवर निवडून आल्यानंतर या नावाचा शोध घेणाऱ्यांत बातम्यांच्या वाचकांचीही भर पडली. त्यामुळे मोकळे नाव कोणालाच न देता यादीकडे वळवण्याची बाजू अधिक बळकट झाली आहे. त्या यादीत कालक्रमाने साताऱ्याचे शाहू आधी ठेवावेत की वाचकसंख्येनुसार राजर्षी, हा वाद त्यानंतरही उरतोच.