मोल्डरची मूठ आणि कारखान्याची स्मृती

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, साचे बनवणारा जुना मोल्डर साच्याची वाळू मुठीत दाबतो, गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उमटले का ते पाहतो आणि मग गोळा मधोमध मोडतो. कडा स्वच्छ तुटल्या तर वाळू चालते. भुगा झाला तर तो पाणी मारायला सांगतो. भिंतीवरच्या तक्त्यात ओलाव्याचा केवळ आकडा असतो, साधारण ३ ते ४ टक्के. मात्र मे महिन्यात मिक्सरमधून निघालेली वाळू साचा भरेपर्यंत सुकते आणि पावसाळ्यात तिची ओल हटत नाही. ओल जास्त राहिली की तप्त लोखंडाच्या स्पर्शाने तिची वाफ होते आणि ओतीव भागात छिद्रे पडतात. कोणत्या दिवशी किती पाणी, हा अंदाज मोल्डरबरोबरच निवृत्त होतो.

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कामासाठी आवश्यक ज्ञान ठरवून ते जपण्याची अट आहे. पुष्कळ ठिकाणी तिची पूर्तता निवृत्त होणाऱ्याकडून शेवटच्या आठवड्यात एक फॉर्म भरून घेऊन होते, आणि त्यातून फारसे काही हाती लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने नवख्या कामगारांना शिकवण्यासाठी कामाची फोड दोन भागांत केली होती: पायरी आणि त्यातली कळीची गोष्ट; त्या गोष्टीचे कारण हा तिसरा भाग पुढे जोडला गेला. आपल्याकडच्या कार्यपद्धतींत नेमके कारणच गाळले जाते. शिवाय मुठीचा अंदाज शब्दांत मावत नाही. त्यासाठी नव्या माणसाने जुन्याच्या शेजारी किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढायला हवा.

एवढे करूनही काही निसटते. अमेरिकेच्या डब्ल्यू-७६ अण्वस्त्रातला ‘फॉगबँक’ हा पदार्थ टेनेसीतील ओक रिज येथे १९८९ पर्यंत तयार होत असे. पुढे तो पुन्हा हवा झाला, तेव्हा नोंदी तुटपुंज्या होत्या आणि जाणकार बहुतेक निघून गेले होते. नवी यंत्रणा उभारूनही पदार्थ जमेना. बऱ्याच खटपटीनंतर उलगडले की जुन्या कच्च्या मालातली एक अशुद्धी त्याला आवश्यक होती आणि नव्या शुद्धीकरणात तीच निघून जात होती. तिचे महत्त्व मूळ कारागिरांनाही ठाऊक नव्हते, म्हणजे त्यांच्या मुलाखती घेऊनही ते कळले नसते. म्हणून माणसांकडून शिकून घेण्याबरोबरच कच्च्या मालाचे नमुने, पुरवठादार बदलल्याच्या तारखा आणि बाद झालेले भागही लेबल लावून ठेवावे लागतात. भंगाराच्या गाडीत ते सगळ्यात आधी चढतात.