पिकअप घरी धुताना: मीठ, लाल माती आणि हौद्याचा तळ

पिकअप धुवायला आणली की मालक आधी बोनेटवरून हात फिरवतो. आम्ही आधी वाकून खाली बघतो. कोकणात गाडी बोनेटवरून कुजत नाही. ती कुजते हौद्याच्या, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाच्या, तळातून, दरवाज्याच्या खालच्या कडेतून आणि चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, आतल्या बाजूने. मालकाला कळतं तेव्हा पत्र्यातून बोट आरपार जात असतं.

दर आठवड्याला आमच्याकडे यायची गरज नाही. बरंचसं काम अंगणात, एक पाइप, दोन बादल्या आणि तासाभराचा वेळ एवढ्यावर होतं. ते कसं करायचं आणि काय करू नये, ते या पत्रकात आहे. आमचं गिऱ्हाईक कमी होईल असं काही जण म्हणाले. पण कुजलेला हौदा घेऊन आलेल्या गाडीला धुऊन आम्ही तरी काय देणार?

मीठ

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, ते घरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गाडीवर बसलेलं मीठही तेच करतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि विरघळतं. किनाऱ्यावर पावसाळाभर आणि एरवीही कित्येक रात्री हवा तेवढी दमट असते. म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असली, पाऊस पडत नसला, तरी मीठ बसलेली जागा रात्रभर ओलीच. ओला पत्रा, त्यावर मीठ आणि हवा, गंजाला आणखी काही लागत नाही.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. मासळी भरायला गाडी पुळणीवर उतरवली असेल तर त्याच दिवशी घरी आल्यावर चाकं, मडगार्डच्या आतली बाजू आणि पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, साध्या गोड्या पाण्याने धुवा. शॅम्पू नको, काही नको, नुसतं पाणी भरपूर मारा. हे दहा मिनिटांचं काम महिन्यातून एकदा केलेल्या महागड्या पॉलिशपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

एक गोष्ट मात्र तपासा. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतं. तोंडात घेतलेलं पाणी खारट लागलं तर त्या पाण्याने गाडी धुऊ नका. टाकीतलं, नळाचं थोडं पाणी वापरा.

हौदा

मासळीच्या गाडीचा हौदा सगळ्यांत आधी कुजतो. क्रेटमधून बर्फाचं पाणी गळतं, त्यात मीठ, रक्त आणि खवले असतात, आणि ते तळाच्या घड्यांमध्ये साचून राहतं. आधी थंड पाण्याने धुवा. गरम पाणी मारलं की रक्त शिजून पत्र्याला चिकटतं, मग घासून हात दुखतात. खवले वाळायच्या आत काढले तर खराटा पुरतो.

नंतर शॅम्पूचं पाणी आणि नारळाची सोडणं. हौद्याच्या आतल्या बाजूला आणि टायरला सोडणासारखं दुसरं घासणं नाही, फुकट आणि घट्ट. पण तीच सोडणं केबिनच्या रंगाला लावू नका. दुपारच्या उन्हात पाहाल तर गोल गोल ओरखडे दिसतील.

वास उरलाच तर घरातलीच युक्ती. मासळीचा वास हाताला लागला की लिंबू चोळतात, कारण तो वास ज्या द्रव्याचा असतो त्याला आंबट पदार्थ मारतो. एक भाग व्हिनेगर, चार-पाच भाग पाणी, दहा मिनिटं ठेवा आणि मग नीट धुऊन काढा. आंबट पाणी उघड्या पत्र्यावर राहू देऊ नका. ब्लीचिंग पावडरने पत्रा लवकर गंजतो, आणि ब्लीचिंगमध्ये व्हिनेगर तर चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत जातो.

हौद्यात रबरी मॅट असेल तर ती उचला. आमची स्वतःची पहिली गाडी अशीच गेली. वरून मॅट काळीभोर, झकास. तीन वर्षांनी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाने मॅट उचलली आणि खाली पत्रा नव्हताच, पापुद्रे होते. तेव्हापासून मॅट दर धुण्याला बाहेर येते आणि वाळल्याशिवाय आत जात नाही. तळाच्या कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. हौद्याच्या मागच्या झडपेच्या, म्हणजे फाळक्याच्या, बिजागऱ्या आणि कड्या धुऊन झाल्यावर पुसा आणि तेलाचे दोन थेंब सोडा.

लाल माती आणि चिरा

चिरा, माती किंवा मुरूम वाहणाऱ्यांचा त्रास वेगळा. लाल मातीला रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणून ती पांढऱ्या गाडीवर गंजासारखीच दिसते आणि गंज असला तरी कळत नाही. ही माती चासीच्या आडव्या पट्ट्यांवर आणि मागच्या मडगार्डच्या वर थापलेली राहते आणि पोटीस बांधल्यासारखी ओल धरून ठेवते. बाहेरून पाणी मारून ती निघत नाही. आधी लाकडी पट्टीने खरवडा, मग पाणी.

वाळलेल्या लाल मातीवर कोरडं फडकं कधीही फिरवू नका. तिच्यातले कण पॉलिश कागदाचं काम करतात.

केबिन आणि बाहेरचा रंग

गाडी सावलीत, बोनेट हाताला गार लागेल तेव्हा. उन्हात धुतली तर पाणी सुकून डाग पडतात. आधी नुसतं पाणी मारून माती उतरवा, मग टपावरून खाली या. दोन बादल्या ठेवा, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि मऊ कापड प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शॅम्पूत बुडवा. चाकांचं फडकं वेगळं ठेवा. शेवटी मायक्रोफायबरने पुसून घ्या.

कपडे धुवायची पावडर वापरू नका. ती रंगावरचं मेण काढून टाकते आणि काचांच्या रबराला फिकं करते. शॅम्पूची बाटली काही महाग नाही.

फणसाचा चीक पडला असेल तर घरी करतो तेच करा, खोबरेल तेल लावा, पाच मिनिटांनी पुसा, मग शॅम्पूने तेल काढा. आंब्याचा चीक मात्र लगेच पाण्याने धुवा, उशीर झाला तर रंगात उतरतो. काजूच्या बियांची पोती असतील तर त्यांच्या खाली ताडपत्री घाला, टरफलातलं तेल जहाल असतं. डांबराचे ठिपके रॉकेलचा बोळा फिरवून जातात, पण नंतर ती जागा शॅम्पूने धुवाच.

डॅशबोर्डला खोबरेल लावणाऱ्यांना मात्र हात जोडतो. चमकतं खरं, पण धूळ बसते, काचेत प्रतिबिंब पडतं आणि चार दिवसांनी गाडीला खवट वास येतो. ओलं कापड, मग कोरडं कापड, एवढं पुरे.

पावसाळ्यात सीटला बुरशी धरते. ऊन पडलं त्या दिवशी दोन्ही दरवाजे उघडे ठेवून सीट वाळू द्या आणि पायातली मॅट बाहेर काढा. समोरच्या काचेखालच्या जाळीत पानं, दसऱ्याच्या हारातला झेंडू, सगळं जाऊन बसतं. तिथली भोकं बुजली की पावसाचं पाणी केबिनमध्ये उतरतं आणि लोक दरवाज्याच्या रबराला दोष देतात. दरवाज्याच्या खालच्या कडेलाही पाणी जायची बारीक भोकं असतात, तीही बघा.

जळकं ऑइल

चासीवर जळकं ऑइल किंवा डिझेल मारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मागितलं तरी आम्ही मारून देत नाही. त्याने काही दिवस गंज थांबतो हे खोटं नाही. पण रबरी बुश आणि होज फुगून मऊ होतात, ब्रेकवर उडालं तर ब्रेक लागत नाही, लाल माती दुपटीने चिकटते आणि पहिल्या पावसात ते सगळं तुमच्याच विहिरीकडे वाहत जातं. त्याच कारणासाठी गाडी पऱ्यात, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरवून धुऊ नका. शिवाय तापलेला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, किंवा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअरचा डबा, एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बेअरिंगचा खर्च धुलाईच्या खर्चापेक्षा खूप मोठा असतो.

इंजिन आणि प्रेशर पंप

भारतात 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-6 नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत सेन्सर आणि वायरिंग भरपूर आहे. घरच्या प्रेशर पंपाने इंजिन धुऊ नका. इंजिन गार असताना ओल्या फडक्याने पुसा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी पूड कोमट पाण्यात खायचा सोडा घालून, बॅटरीची वायर काढून, ब्रशने घासा. कोरडं झाल्यावर पेट्रोलियम जेली लावा.

प्रेशर पंप चासी आणि मडगार्डच्या आत वापरा. रंगापासून फूटभर तरी लांब, आणि रेडिएटरच्या जाळीवर, वायरच्या जोडांवर, चाकाच्या मधोमध नको. पाटे आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटच्या क्रॉसवर जोराचं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी ग्रीस मारून घ्या, नवं ग्रीस आत शिरलेलं पाणी बाहेर ढकलतं.

धुऊन झाल्यावर गाडी थोडी फिरवा आणि हळू वेगात तीन-चार वेळा ब्रेक दाबा. ओली गाडी हँडब्रेक लावून आठवडाभर उभी ठेवली तर मागचे ब्रेक-शू ड्रमला चिकटतात. सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना चिरे लावा.

वर्षातून दोनदा

यांत्रिक होड्यांची मासेमारी पावसाळ्यात जून-जुलैमध्ये बंद असते, मासळीच्या गाड्या उभ्या राहतात. गाडी अशी मीठ-माती अंगावर घेऊन दोन महिने उभी राहिली तर तेच सर्वांत वाईट. मे संपायच्या आत खालून-वरून धुऊन, वाळवून, रंगावर मेण लावून ठेवा. आंब्याच्या गाड्यांनीही पेट्यांचा हंगाम आटोपला की तेच करावं, पेंढ्याचे तुकडे हौद्याच्या घड्यांत अडकून ओल धरतात.

गंजाची दुरुस्ती मात्र पावसाळ्यात करू नका. ओलसर पत्र्यावर प्रायमर नीट बसत नाही, आणि रंगाखाली गंज चालूच राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. छोटा डाग असेल तर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश कागदाने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, पुसून वाळवा, प्रायमरचे दोन हात, मग रंग. गंजावरच रंग मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावरच्या कडक पारदर्शक थराबद्दल, बरेच विचारतात. आम्ही करतो, केबिनच्या रंगाला ते चांगलंही आहे. पण रोज क्रेट सरकवता त्या हौद्याला त्याचा फायदा नाही. तिथे ते पैसे चासीच्या अँटी-रस्ट कोटिंगवर घाला.

पुढील कामांसाठी गाडी आमच्याकडे आणा: चासीची आतली पोकळ बाजू धुणं आणि कोटिंग, दरवाज्याच्या आतलं कोटिंग, तळहातापेक्षा मोठा गंज आणि सीट उघडून धुणं. येताना हौदा रिकामा करा, कागदपत्रं आणि समोरचा देव काढून घ्या आणि गाडी सकाळीच आणा, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळते. खालून फोटो काढून दाखवल्याशिवाय आम्ही कोटिंगचे पैसे घेत नाही.